नकाशा फुकट, मग इंजिनिअरची किंमत किती?

या आठवड्याचा व्हिडिओ लांबला आणि तरी विषय अर्धाच झाला, म्हणून उरलेला इथे लिहून काढतोय. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांनाही समजेल असं लिहितो.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या मुलांनी विचारला. "सर, सिव्हिलचा डिप्लोमा झाला. ऑफिस टाकू की जेईच्या परीक्षेची तयारी करू?" प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगितलं. पण हा प्रश्न एका मुलाच्या करिअरचा नाही, सिव्हिल इंजिनिअर या अख्ख्या धंद्याच्या पतीचा आहे. पत गेलेल्या धंद्यात तुम्ही कितीही हुशारीने उतरा, भाव मिळत नाही. म्हणून आज पतीबद्दल बोलू.

मी स्वतः इंजिनिअर नाही. बीबीए केलं आणि सिहोऱ्यात बिल्डिंग मटेरियलचं दुकान चालवतो. पण काउंटरच्या आतून जे दिसतं ते कॉलेजात दिसत नाही. घरमालक, मिस्त्री, ठेकेदार, इंजिनिअर, चौघेही आमच्याच दुकानात येतात, आणि कोण कोणाला काय देतं हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

परवा एक गिऱ्हाईक आलं. हातात घडी घातलेला नकाशा. सळईची यादी मागितली तर म्हणाले, "यादी नाही जी, मिस्त्री सांगल तेवढी द्या." मी विचारलं, नकाशा कोणी काढला, त्यांनाच विचारा ना. तर म्हणाले, "तो तर फुकटच काढून देल्ला. त्याले काय विचारू?"

या एका वाक्यात सगळा रोग आहे. जे फुकट मिळालं, त्याला पुन्हा विचारायला जायचं नसतं. १२ लाखांचं घर बांधणारा माणूस दरवाजाच्या कडीकोयंड्यासाठी तीन दुकानं फिरतो, पण कॉलममध्ये किती सळया घालायच्या हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडतो. तो मूर्ख नाही. त्याला आपणच शिकवलंय की इंजिनिअरच्या कामाची किंमत शून्य आहे.

एक साहेब, एक नकाशेवाला

आपल्या भागात इंजिनिअरला मान नाही असं मात्र म्हणता येत नाही. बावनथडी नदीचं पाणी उचलून चांदपूर जलाशयात टाकणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना आपल्या शेजारीच आहे. पाटबंधारे खात्याची गाडी गावात आली की लोक उठून उभे राहतात, "साहेब आले". त्याच साहेबाबरोबर एका वर्गात बसलेला, कदाचित त्याच्यापेक्षा जास्त मार्क मिळवलेला मुलगा तुमसर-बपेरा रस्त्यावर गाळा घेऊन बसला, तर तो "नकाशेवाला". डिग्री तीच, आयएस कोडही तेच, आणि मानात मात्र एवढा फरक.

साहेबाच्या सहीने काहीतरी होतं. बिल निघतं किंवा अडतं. नकाशेवाल्याच्या सहीने काहीच होत नाही, असं लोकांना वाटतं. म्हणून पोरं चार-चार वर्षं परीक्षेच्या मागे लागतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण जागा मोजक्याच असतात आणि घरं तर दर गावात बांधून राहिली आहेत. काम आहे, त्या कामाला पत नाही.

पत पूर्वी होती का? होती, आणि ती सरकारी नोकरीतून आलेली नव्हती. आपला भंडारा तलावांचा जिल्हा म्हणतात. ते तलाव बहुतेक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, गोंड राजांच्या काळात आणि त्यानंतरही. नवेगाव बांधचा तलाव त्यांचाच, आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडूम किती खोल ठेवायचं, पुराचं पाणी सांडव्यातून कुठे वळवायचं, हे सगळं ते लेव्हल मशीनशिवाय ठरवत. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालच्या जमिनीवर हक्क मिळे. म्हणजे ज्याने पाळ घातली, त्याचंच धान पाळीखाली. पाळ फुटली तर आधी त्याचं शेत वाहून जाणार.

माझ्या मते गावाने त्याला मान दिला तो यासाठी. हुशारीला लोक शाबासकी देतात, पण पत देतात जबाबदारीला. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण तलावाची डागडुजी कोणाची, हे कोणाच्याच नावावर स्पष्ट राहिलं नाही आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. नाव गेलं की काम ढिलं पडतं. घराच्या बांधकामातही आज तेच चाललंय. चूक झाली तर कोणाची, याला उत्तर नाही.

"आमच्याकडे भूकंप होत नाही जी"

हे वाक्य मला महिन्यातून दोनदा ऐकू येतं. त्याचं उत्तर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती जास्त करून घरं पडल्यामुळे. जाड दगडी भिंती, मधे मातीचा गारा, वर मातीचं जड धाबं. ती घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी होती, म्हणून कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

आपल्याकडे भूकंपापेक्षा जमीन जास्त त्रास देते. नदीकाठची कन्हार माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर दोन फूट पाया खणून घर उभं केलं की तीन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. मग मालक आमच्याकडे भेगा भरायची पुट्टी मागायला येतो. ती पुट्टी मी विकतो, पण दोन पावसाळ्यांत भेग परत येते हे मलाही माहीत असतं. जमीन पाहून पाया ठरवणं हे इंजिनिअरचं पहिलं काम. नकाशा नंतर येतो.

कायदा काय म्हणतो

हे पटकन सांगतो, कारण यावर पोरं फार वेळ घालवतात. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी नसेल तर "आर्किटेक्ट" हे नाव लावता येत नाही. त्या कायद्याने नावाला संरक्षण दिलंय, इमारतीचं डिझाईन करण्याचा मक्ता दिलेला नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. इंजिनिअरसाठी देशभराचा असा कायदा आजवर झालेला नाही. त्यामुळे "इंजिनिअर अँड कॉन्ट्रॅक्टर" असा बोर्ड कोणीही लावतो. मात्र परवानगीच्या कागदावर सही करायला परवाना लागतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कोण किती मोठ्या कामावर सही करू शकतो, त्याची पात्रता काय, हे लिहिलेलं आहे, आणि लहान प्लॉटच्या घरांसाठी तर परवानाधारकाच्या प्रमाणपत्रावरच बरंच काही सोडलेलं आहे. म्हणजे सहीला वजन आलंय. ती सही ५०० रुपयांत, साइट न बघता देणारे आपल्यातलेच लोक आहेत. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या सहीची किंमत तुम्हीच ठरवणार.

आता खरा हिशोब: कमिशन

इथे मला माझं स्वतःचं सांगावं लागेल.

नकाशा फुकट देणारा इंजिनिअर जगतो कशावर? दुकानांवर. आमच्या धंद्यात याला कोणी कमिशन म्हणतं, कोणी "चहापाणी". मीही द्यायचो. अनेक वर्षं दिलं. सिमेंटच्या बॅगेमागे ५ रुपये, सळईच्या किलोमागे १ रुपया, असं काहीतरी ठरलेलं असायचं. मिस्त्रीला वेगळं. वाटायचं, सगळेच देतात, आपण नाही दिलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल.

८०० चौरस फुटांचं घर धरा. ढोबळ हिशोबाने चौरस फुटाला ४ किलो सळई म्हणजे ३,२०० किलो, आणि ०.४ बॅग सिमेंट म्हणजे ३२० बॅगा. कमिशन झालं ३,२०० अधिक १,६००, म्हणजे ४,८०० रुपये. इंजिनिअरने प्लॉट मोजला, नकाशा काढला, मालकाच्या बायकोने स्वयंपाकघराची दिशा तीनदा बदलली, ग्रामपंचायतीत दोन खेपा झाल्या. २० तास कुठेच गेले नाहीत. तासाला २४० रुपये. त्यातून गाळ्याचं भाडं, पेट्रोल, लॅपटॉप, प्रिंट. राहिलं काय ते तुम्हीच बघा. आणि या पैशात साइटवर जायचा खर्च कुठेच धरलेला नाही.

पुढची गंमत बघा. कमिशन किलोवर आहे. म्हणजे सळई जास्त गेली की कमाई जास्त. सळईचं वजन काढायचं सूत्र आमच्या काउंटरवरच चिकटवलेलं आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलोत. १२ एमएम ०.८९ किलो, १६ एमएम १.५८ किलो. "मजबूत होईल" म्हणून १२ च्या जागी १६ घातली की वजन पावणेदोन पट. मालकालाही बरं वाटतं, जाड सळई दिसते ना! अख्ख्या घरात १० टक्के सळई जरी विनाकारण गेली तरी ३२० किलो, ६० रुपये भाव धरला तर १९,२०० रुपये मालकाच्या खिशातून गेले. त्यातले इंजिनिअरला मिळाले ३२०. आणि मजबुती? जाळी इतकी दाट होते की गिट्टी आत उतरत नाही, आणि सेंट्रिंग काढल्यावर बीमच्या पोटात पोकळ्या दिसतात.

भाव तुमच्या गावचे टाका, आकडे बदलतील. हिशोबाची दिशा बदलणार नाही. फुकटचा नकाशा मालकाला सगळ्यात महाग पडतो.

मी कमिशन थांबवलं त्यामागे एक घटना आहे. गावाचं नाव सांगत नाही. एका घराची गॅलरी, भिंतीबाहेर चार फूट निघालेली. इंजिनिअर नवीन पोरगा, ड्रॉइंग बरोबर होतं. बाहेर निघालेल्या गॅलरीत मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण ताण वरून येतो. ड्रॉइंगमध्ये ती वरच होती. पण स्लॅबच्या दिवशी मजूर घमेली घेऊन जाळीवरून चालले, खाली आधाराला खुर्च्या ठेवलेल्या नव्हत्या, आणि सळई दबून तळाला गेली. वरून काँक्रीट पडलं, कोणाला दिसलं नाही. सेंट्रिंग काढताना गॅलरी मोडून खाली आली. मजूर दोन पावलं बाजूला होता म्हणून वाचला.

गावात बोलणं काय झालं? "इंजिनिअरनं नकाशा चुकवला." तो पोरगा स्लॅबच्या दिवशी साइटवर का नव्हता? कारण त्या भेटीचे पैसे त्याला कोणी देणारच नव्हतं. त्याचा हिशोब सिमेंटच्या बॅगांबरोबर माझ्या दुकानातून संपला होता. ते ४-५ हजार मी त्याच्या हातात ठेवले होते, आणि आपण पोराला मदत केली असं मला वाटत होतं. सहा महिन्यांत त्याने गाळा खाली केला. आता तो एका शहरात परीक्षेच्या क्लासला आहे.

फी मागायची कशी

मग ऑफिस टाकणाऱ्याने करायचं काय? पहिली गोष्ट, नकाशा विकू नका. नकाशा मोबाईलवर फुकट मिळतो, यापुढे आणखी सहज मिळेल. तुम्ही विकायचं आहे तुमचं साइटवर असणं आणि तुमचं नाव.

त्याच ८०० फुटांच्या, १२ लाखांच्या घराची फी मी अशी मांडेन. नकाशा आणि सळईचं ड्रॉइंग १२,०००. साइटच्या ८ भेटी, प्रत्येकी १,५००, म्हणजे १२,०००. मालाची यादी आणि ठेकेदाराची बिलं तपासणं ६,०००. एकूण ३०,०००, खर्चाच्या अडीच टक्के. मालकाला टक्का सांगू नका, टक्का ऐकला की माणूस घासाघीस सुरू करतो. भेटी सांगा. लाइनआउटला येईन, खड्डा बघायला येईन, फुटिंगची जाळी, प्लिंथ बीम, कॉलम, लिंटेल, स्लॅबची सळई, आणि स्लॅब टाकताना पूर्ण वेळ थांबेन. माणसाला आपण कशाचे पैसे देतोय ते डोळ्यांसमोर दिसलं की तो देतो. सगळे देतील असं नाही. दहातले दोन देतील, सुरुवातीला तेवढे पुरतात.

हे सगळं एका पानाच्या पत्रावर लिहा, मराठीत. काय करणार, काय करणार नाही (मजुरांचा वाद, रेतीची रॉयल्टी, शेजाऱ्याशी हद्दीचं भांडण हे माझं काम नाही, असं स्पष्ट), कोणत्या टप्प्याला किती पैसे. दोघांच्या सह्या. आणि त्या पत्रात एक ओळ हवीच: "मी कोणत्याही दुकानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून कमिशन घेत नाही." ही ओळ लिहिताना हात थरथरला पाहिजे, कारण ती पाळायची आहे. आपल्या भागात तुम्ही कोणाकडून काय घेतलं हे आठ दिवसांत चहाच्या टपरीवर कळतं.

पैसे टप्प्याने घ्या आणि स्लॅबच्या आधी तीन-चतुर्थांश हातात असू द्या. स्लॅब पडला की मालकाचं लक्ष टाइल्स आणि रंगाकडे जातं. तेव्हा तो वाईट माणूस होतो असं नाही, त्याचे पैसे खरंच संपलेले असतात.

मला कोणी म्हणेल, इंग्लंड-अमेरिकेत चालत असेल हे, सिहोऱ्यात कोण देणार. इंग्लंडातही हे आपोआप आलेलं नाही. स्वतःला पहिल्यांदा "सिव्हिल इंजिनिअर" म्हणवून घेणारा जॉन स्मीटन अठराव्या शतकात सल्ल्याची वेगळी फी घ्यायचा, ठेकेदारीपासून अलग राहून. कॅनडात १९०७ मध्ये क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, ७५ कामगार गेले. पुढे १९२५ पासून तिथले नवे इंजिनिअर शपथ घेऊन करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती पत त्यांनी अपघातांनंतर, शरमेतून बांधली. आपल्याकडेही पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या होतेच. ज्यांच्या वाढदिवसाला, १५ सप्टेंबरला, आपण इंजिनिअर दिनाचे स्टेटस ठेवतो, त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. स्टेटस ठेवा, पण तो माणूस बंधाऱ्यावर उभा राहून काम करायचा हेही लक्षात असू द्या.

साइटवर काय करायचं

एक कार्बनची वही घ्या, दोन प्रतींची. प्रत्येक भेटीत तारीख, काय पाहिलं, काय दुरुस्त करायला सांगितलं, मिस्त्रीची सही. एक प्रत मालकाला. त्या गॅलरीच्या वेळी "सळई वर ठेवा, खुर्च्या लावा" अशी एक ओळ त्या पोराच्या वहीत असती आणि तो तिथे उभा असता, तर आज त्याचा गाळा सुरू असता.

मिस्त्रीशी कसं वागायचं, हे कोणतंही कॉलेज शिकवत नाही. तुम्ही २३ वर्षांचे, त्याच्या हातात ३० वर्षांचं काम. मालकासमोर त्याची चूक काढली की तो तुमचं एकही सांगणं ऐकणार नाही. "काका, एक मिनिट इकडे या" म्हणून बाजूला घ्या. आणि सांगणं मोजमापात सांगा, उपदेशात नाही. "पाणी कमी टाका" याला अर्थ नाही. आयएस ४५६ मध्ये एम-२० च्या साध्या मिश्रणाला ५० किलोच्या बॅगेमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलंय. १५ लिटरची बादली घ्या, बॅगेला दोन बादल्या, रेती ओली असेल तर त्याहून कमी, आणि पाइप बंद. मिस्त्री पाइपने पाणी सोडतो कारण पातळ माल पसरायला सोपा. तो आळशी नाही, व्हायब्रेटर नसतो म्हणून तसं करतो. व्हायब्रेटर भाड्याने आणायला लावा, भांडण संपेल. तसंच पाणी मारायचं. आपल्याकडे सिमेंट बहुतेक पीपीसी जातं, त्याला निदान १० दिवस ओलं ठेवायचं आहे. लोक चौथ्या दिवशी थांबतात. मालकाच्या घरातल्या एका माणसाच्या नावाने ती जबाबदारी वहीत लिहा. बहुतेक वेळा आजी ते काम सगळ्यात चोख करतात.

दोन-तीन कामं झाली की १५ सेंटीमीटरचे क्यूबचे साचे विकत घ्या. स्लॅबच्या दिवशी क्यूब भरा, २८ दिवसांनी जवळच्या इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून मिळतात का विचारा. तो रिपोर्ट मालकाच्या हातात द्या. गावात आजवर कोणाकडे असा कागद नसतो. तो माणूस तो कागद पाहुण्यांना दाखवतो. याहून चांगली जाहिरात मला तरी माहीत नाही.

घरकुलवाल्यांकडून ३०,००० मागू नका. त्यांना मैदानी भागात केंद्राच्या योजनेचे मूळ १ लाख २० हजार मिळतात, त्यात फी बसतच नाही. त्यांच्यासाठी तीन भेटी, प्रत्येकी ३००-४०० रुपये, एवढंच ठेवा. पण फुकट नाही. थोडे का होईना पैसे दिलेला माणूस तुमचं ऐकतो.

सरकारी कामं आणि कागदपत्रं

सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी सार्वजनिक बांधकामच्या छोट्या कामांत राखीव वाटा आहे, ३३:३३:३४ म्हणतात तो. ३३ टक्के बेरोजगार अभियंते, ३३ मजूर संस्था, ३४ खुले ठेकेदार. नोंदणी जरूर करा. पण स्वतःच्या नावावर घेतलेलं काम दुसऱ्या ठेकेदाराला देऊन नुसते टक्के घ्यायचे, हा जो प्रकार चालतो, त्यात पडू नका. काम खराब झालं तर नाव तुमचंच काळं होतं. आणि बिलाच्या भरवशावर कर्ज काढू नका. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले, ते तुम्ही पाहिलंच. खाजगी फीचा रोजचा पैसा चालू असेल तरच सरकारी काम अंगावर घ्या.

उद्यम नोंदणी मोफत होते, सेवा देणाऱ्यांनाही मिळते, करून टाका. ठेकेदारासाठी किंवा कंपनीसाठी ड्रॉइंग केलं तर ४५ दिवसांत पैसे मागायचा कायदेशीर आधार राहतो. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकरात इंजिनिअरसारख्या व्यावसायिकांना मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे, त्याबद्दल सीएला विचारा. पावती मात्र पहिल्या दिवसापासून फाडा, ५०० रुपयांची असली तरी.

माझ्या दुकानाचं काय झालं

कमिशन थांबवलं त्या महिन्यात दोन इंजिनिअर आणि पाच-सहा मिस्त्री दुसऱ्या दुकानात गेले. खोटं कशाला बोलू, धंदा पडला. घरी बोलणी खाल्ली. वडील म्हणाले, "तुले गाव सुधारायचं आहे का दुकान चालवायचं आहे?" त्यांना उत्तर देता आलं नाही. मी काउंटरमागे एक पाटी लावली: इंजिनिअरच्या सहीची यादी आणा, कमिशनची रक्कम तुमच्या बिलातून वजा करू.

पहिले दोन महिने कोणीच यादी आणली नाही. मग एक मुलगी आली, बी.ई. सिव्हिल, भंडाऱ्याहून लग्न होऊन इकडे आलेली. तिने मालकासमोर यादी ठेवली. कोणत्या व्यासाच्या किती सळया, प्रत्येकाची लांबी, एकूण वजन, खाली सही आणि तारीख. मी वजा केलेले पैसे मालकाला परत दिले, ३,८०० च्या आसपास. मालकाने ते मोजले, त्यात थोडे घातले आणि तिथेच तिला म्हणाला, "म्याडम, तुमची पुढची भेट आजच देऊन टाकतो."

तिच्याकडे आता अशी चार कामं आहेत. स्लॅबच्या दिवशी ती सकाळी सातला साइटवर असते, वही काखेत. मिस्त्री तिला "म्याडम" म्हणतात, पण मागच्या आठवड्यात एक जण माझ्याकडे बाइंडिंग वायर घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "साहेब थांबले आहेत तिकडे, लवकर द्या." मी विचारलं, कोण साहेब? तर तो म्हणाला, "त्याच ना जी, म्याडम."

ज्यांना ऑफिस टाकायचं आहे त्यांनी या आठवड्यात एकच करा. वर सांगितलेलं एका पानाचं फीचं पत्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावच्या भावात लिहून काढा, आणि कोण्या ओळखीच्या घरमालकाला वाचून दाखवा. तो कोणत्या ओळीवर अडतो ते टिपून ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्याच ओळींवर बोलू.